मुलुखमैदान नगरची आहे

विजापूरच्या शर्झा बुरुजावरची मुलुखमैदान तोफ पाहून आलेला माणूस ती आदिलशहाची समजून परततो. फर्ड्या वक्त्याला मुलुखमैदान तोफ म्हणण्यात आपली हयात गेली. पण ती तोफ आमच्या नगरात ओतली गेली, हे खुद्द नगरच्या पोरांना सांगावं लागतं. तोफेच्या अंगावर लेख आहे. हिजरी ९५६, म्हणजे इसवी सन १५४९. त्यात निजामशहाचं नाव आहे, आणि ओतणाऱ्याचंही: महंमद बिन हसन रूमी.

मी आयुष्यभर नगरच्या एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डिंग केलं. त्यामुळे ही तोफ पाहताना राजे आणि लढाया मला नंतर आठवतात. आधी दिसतो तो साचा.

लांबी सुमारे १४ फूट. तोंडाचा घेर असा, की आडवं माप ५ फुटांच्या आसपास जातं. आतली पोकळी २ फूट ४ इंचांची. पोर आत शिरून आरामात बसेल. वजन ५५ टनांच्या घरात. रूमी म्हणजे तुर्की मुलखातला. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपलचा तट फोडणाऱ्या प्रचंड तोफा उस्मानी सुलतानाने ओतवून घेतल्या होत्या. ती विद्या जाणणारे कारागीर पुढे चांगल्या पगारावर दख्खनच्या दरबारांत आले, आणि पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने त्यातला एक नगरला ठेवून घेतला. मॉस्कोची प्रसिद्ध झार तोफ १५८६ ची. आमची तिच्याहून ३७ वर्षांनी थोरली.

धातूची तपासणी झाली तेव्हा सुमारे ८० भाग तांबं आणि २० भाग कथील निघालं. हे घंटेचं कासं. तोफेसाठी कथील सहसा याच्या निम्मं घालतात, कारण ते वाढलं की धातू कडक होतो आणि ठिसूळही. रूमीने कडकपणा पत्करला आणि तरीही तोफ फुटली नाही. आजही तिच्यावर टिचकी मारली तर घंटेसारखी वाजते. आत मोठी पोकळी, फुगा किंवा तडा असता तर असा नाद निघाला नसता. आमच्या धंद्यात सुट्या भागावर हातोडी मारून आवाज ऐकतात, तीच ही परीक्षा. पावणेपाचशे वर्षांनंतरही ती पास होते.

आता ओतण्याचा दिवस डोळ्यांपुढे आणा. ५५ टन रस एका भट्टीत वितळवणं त्या काळी शक्यच नव्हतं. खड्ड्यात साचा उभा करायचा, भोवती भट्ट्यांची रांग, आणि सगळ्यांचा रस पाटांनी एका दमात साच्यात उतरवायचा. एका भट्टीचा रस उशिरा आला तर आधीचा थर गोठतो, सांधा राहतो आणि तोफ पहिल्याच बाराला तिथून फुटते. साच्यात ओल राहिली तर त्याहून वाईट: वाफ कोंडते आणि तापलेला रस माणसांच्या अंगावर उसळतो. म्हणून साचा आतून कित्येक दिवस जाळ करून भाजायचा. मधला गाभा बोटभर सरकला तरी पोकळी वाकडी. हे सगळं साधून वर रूमीने तोफेच्या तोंडाला सिंहाचा आ वासलेला जबडा घडवला, आणि त्या दातांत चिरडला जाणारा हत्ती. हत्तींच्या फौजेवर विसंबणाऱ्यांना तो सरळ इशारा होता.

कथील दख्खनच्या मातीत सापडत नाही. ते समुद्रापलीकडून येई. चौलचा मुलूख निजामशाहीत होता म्हणून नगरला असं काम झेपलं. घाटावरच्या भट्टीला बंदराचा आधार होता.

२३ जानेवारी १५६५ च्या दख्खनच्या शाह्या आणि विजयनगर यांच्यातल्या तालिकोटच्या लढाईत ही तोफ धडाडली असं परंपरेने सांगतात. मला ते पटत नाही. ५५ टनांचं धूड किल्ला राखायला किंवा तट फोडायला ठेवतात. फौजेबरोबर कृष्णेपार नेत नाहीत. त्या दिवशी खरं गुपित वेगळंच होतं, आणि तेही नगरचंच. इतिहासकार फेरिश्ता लिहितो की हुसेन निजामशहाने मध्यभागी ६०० तोफा तीन रांगांत लावल्या, पुढे जड, मागे हलक्या होत जाणाऱ्या, आणि त्यांच्यापुढे २००० तिरंदाज उभे करून सगळा तोफखाना झाकला. विजयनगरची फौज जवळ येताच तिरंदाज बाजूला झाले. तोफखान्याचा प्रमुख चलबी रूमीखान याने तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरल्या होत्या. विजयनगरचा कर्ताधर्ता रामराय पकडला गेला, मारला गेला, आणि विजयनगरसारखं शहर ओसाड पडलं. कारागिरीचं मला कौतुक आहे, पण तिच्या तोंडी काय गेलं हेही विसरता येत नाही.

मुलुखमैदान पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये तिथून आदिलशाहीत गेली. हत्ती आणि शेकडो बैल जुंपून ती ओढत नेली म्हणतात. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपलाही लेख कोरवला. इंग्रजी अमलात, १८५४ साली, जुन्या निरुपयोगी सामानाबरोबर ती लिलावात निघाली. सर्वांत मोठी बोली १५० रुपयांची! एवढ्या कमी पैशांत देणं बरं नाही असं एका मामलेदाराच्या मनात आलं, त्याने वर कळवलं आणि विक्री रद्द झाली. नाहीतर आज तिची भांडी झाली असती.

नगरचं शस्त्रांशी नातं तुटलेलं नाही. व्हीआरडीईत लष्करी वाहनांवर संशोधन चालतं, के. के. रेंजवर रणगाडे गोळे डागतात, आणि रणगाडा संग्रहालयात देशोदेशीचे रणगाडे मांडलेले आहेत. ते पाहायला लांबून लोक येतात. त्यांना नगरच्या सगळ्यात मोठ्या तोफेबद्दलही कळायला हवं.

तोफ परत आणा असं मी म्हणत नाही. ती विजापुरात नीट आहे. मागणी एवढीच, की नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या दारात एक ठसठशीत फलक लावा. त्यावर तोफेचं माप, धातूचं प्रमाण आणि १५४९ हे साल असू द्या, आणि निजामशहाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत महंमद बिन हसन रूमी हे नाव कोरा.