डब्ल्यू म्हणजे हिवाळा: इंजिन ऑइलच्या आकड्यांचा इतिहास

आजचा विषय आहे ऑइलच्या डब्यावरचे आकडे. सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिक विचारतो, "कोणतं ऑइल टाकू?" आणि आपण म्हणतो, "चांगलं टाका." मग बऱ्याचदा जाड तेच चांगलं, असं धरलं जातं. पण हे आकडे दर्जा सांगतच नाहीत. २० हे ५ चं पुढचं व्हर्जन नाही.

सुरुवात अमेरिकेत झाली. आधी ऑइल 'लाइट', 'मीडियम', 'हेवी' अशा नावांनी विकलं जायचं. एकाचं मीडियम म्हणजे दुसऱ्याचं हेवी! १९११ मध्ये तिथल्या सोसायटी ऑफ ऑटोमोबाईल इंजिनिअर्सने, म्हणजे एसएईने, घट्टपणानुसार पहिलं वर्गीकरण काढलं. त्या काळी मोजायची पद्धत साधी होती. सेबोल्टच्या उपकरणात ठरावीक तापमानाला ६० मिलिलिटर ऑइल बारीक छिद्रातून गळायला किती सेकंद लागतात, ते बघायचं.

पण खरा घोळ तापमानाचा. काकवी आठवा. थंडीत चमच्याला चिकटून बसते, गरम केली की पाण्यासारखी धावते. ऑइलचंही तसंच. उन्हाळ्यातलं ऑइल कडाक्याच्या थंडीत इतकं घट्ट व्हायचं की इंजिन फिरेना. म्हणून लोक ऋतूप्रमाणे ऑइल बदलायचे. थंडीसाठी वेगळे ग्रेड आले आणि त्यांना विंटरचा डब्ल्यू चिकटला.

१९२९ मध्ये डीन आणि डेव्हिस यांनी 'व्हिस्कॉसिटी इंडेक्स' मांडला. तापमान बदललं की ऑइल किती बदलतं, याचं हे माप. पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला १००, गल्फ किनाऱ्याच्या तेलाला ०. पुढे ऑइलमध्ये पॉलिमर घालायला लागले. थंडीत त्यांच्या साखळ्या आखडून बसतात, गरम झाल्यावर पसरतात. त्यामुळे ऑइल गरम झाल्यावर जाड होत नाही बरं का, फक्त कमी पातळ होतं. असं झालं मल्टिग्रेड: एकच ऑइल, बारा महिने.

त्यालाही मर्यादा होत्या. १९५९ च्या ब्रिटिश मिनी गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच ऑइल होतं. गिअरचे दाते त्या साखळ्या तोडायचे, आणि ऑइल पातळ व्हायचं. म्हणून तिथे २०डब्ल्यू-५० गाजलं.

आज प्रवास उलटा चाललाय. मायलेजसाठी पातळ ऑइल हवं, म्हणून २०१३ मध्ये एसएई १६ आणि २०१५ मध्ये १२ व ८ हे ग्रेड आले.

आता ५डब्ल्यू-३० वाचू. ५डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे ३० अंशांना होते. ३० म्हणजे १०० अंशांना किती घट्ट. पुण्यात उणे ३० कुठे, असं वाटेल. पण १०० अंशांवर चालणाऱ्या इंजिनासाठी आपली २५ अंशांची सकाळही थंडच. ऑइल ४० वरून १०० अंशांवर जाताना सहा-सात पट पातळ होऊ शकतं! सकाळी स्टार्टर मारल्यावर ते वरपर्यंत पटकन पोचायला हवं.

जास्त जाड ऑइल पोचायला वेळ लावतं आणि पेट्रोल खातं. जास्त पातळ ऑइलचा थर तापल्यावर तुटू शकतो, मग धातूला धातू घासतो. बेअरिंगमधली फट किती, पंप केवढा, हे कंपनीला माहीत असतं. म्हणून पुढच्या वेळी "चांगलं टाका" म्हणू नका. मॅन्युअलचं ते पान मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा आणि मेकॅनिकला दाखवा.