सुरतेचा चौक, रांदेरच्या गल्ल्या आणि सोनगडचा बाजार

सुरत शहरातील आणि तापीच्या खोऱ्यातील गावांमधील मध्यवस्त्यांचा स्वभाव एकसारखा नाही. इथे स्थायिक झालेल्या, तसेच नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही ओळख आम्ही थोडक्यात देत आहोत.

चौक बाजार आणि भागळ

जुन्या सुरतेचे केंद्र म्हणजे तापीकाठचा किल्ला आणि त्यासमोरचा चौक. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना तोंड देण्यासाठी बांधलेला हा किल्ला सोळाव्या शतकाच्या मध्यातला. चौकातून राजमार्ग भागळवरून दिल्ली दरवाजाकडे जातो. जवळच मुगलसराई आहे. १६४४ मध्ये प्रवाशांसाठी बांधलेल्या या सराईत आज महानगरपालिकेचे कार्यालय आहे. शिवाजी महाराजांच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्या झाल्या त्या याच शहराच्या संपत्तीसाठी. पहिल्या स्वारीनंतर मातीच्या तटाऐवजी विटांचा तट उभारला गेला. आपण ज्याला पराक्रम म्हणतो, त्याची इथल्या शेजाऱ्यांच्या घरी लूट म्हणून आठवण आहे. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय चौक समजत नाही.

रांदेर

पुलापलीकडचे रांदेर हे सुरतेच्याही आधीचे बंदर. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळले आणि पुढे व्यापार सुरतेकडे सरकला. इथल्या व्यापाऱ्यांचे रंगूनशी जुने संबंध होते. खावसा हा पदार्थ त्या वाटेने आला. मशिदी, अरुंद गल्ल्या आणि आलूपुरीच्या गाड्या यांमुळे शहरात सामील होऊनही रांदेरचा गावपणा टिकून आहे.

उधना आणि लिंबायत

आपल्यापैकी बहुतेकांचे केंद्र मात्र हे. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली माणसे लूमच्या व कापड प्रक्रियेच्या कारखान्यांजवळ राहिली. इथे ना तट आहे, ना चौक. वस्ती वाढली ती कामाच्या पाळ्यांप्रमाणे. भाजीबाजारात अहिराणी सहज कानी पडते. श्रावणात कानबाई बसते तेव्हा गल्लीचेच अंगण होते. जुनी वास्तू नसली तरी या भागाची ओळख अशा दिवसांनी घडली आहे.

बारडोली, व्यारा, सोनगड

भुसावळकडे जाणाऱ्या गाडीतून ही गावे आपण खिडकीतून पाहतो, उतरत मात्र नाही. बारडोलीत १९२८ च्या सत्याग्रहाची आठवण सांगणारा स्वराज आश्रम आहे. व्यारा २००७ पासून तापी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. सोनगडच्या डोंगरावर पिलाजीराव गायकवाडांचा किल्ला आहे. बडोद्याआधी गायकवाडांचे ठाणे इथेच होते. या गावांचा बाजार स्टेशनपासून पायी फिरण्याजोगा. आसपासच्या पाड्यांवरून आदिवासी बांधव खरेदीला येतात. पुढे नवापूर स्टेशन, ज्याचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे.

काय जपावे

जुन्या शहराचे महत्त्व वास्तूंवर उभे आहे. त्या जपण्यासाठी कायदे आणि खाती आहेत. लिंबायतसारख्या वस्तीचे महत्त्व माणसांच्या आठवणींवर आहे आणि त्या जपायला कोणतेही खाते नाही. पहिल्या पिढीतील कामगार आता वृद्ध झाले आहेत, मुले नव्या सोसायट्यांत राहायला जात आहेत. म्हणून आमची विनंती अशी : घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, पहिली खोली कोणत्या गल्लीत होती, पहिली कानबाई कुणाच्या दारात बसली. उत्तरे तारखेनिशी लिहून ठेवा. लिंबायतचा इतिहास तिथूनच सुरू होईल.