तळटीप : राजीव सातव

राजीव सातव (१९७४–२०२१), काँग्रेसचे नेते. मूळ गाव मसोड, तालुका कळमनुरी. आई रजनीताई सातव याही आमदार आणि मंत्री होत्या. तरी राजीव यांनी सुरुवात पंचायत समितीपासून केली, आणि माझ्या मते त्यांची खरी घडण तिथलीच. पुढे जिल्हा परिषद, २००९ मध्ये कळमनुरीची आमदारकी. २०१४ च्या लोकसभेत हिंगोली, नांदेड व यवतमाळ अशा तीन जिल्ह्यांत पसरलेल्या मतदारसंघातून ते अवघ्या १,६३२ मतांनी निवडून आले, म्हणजे जेमतेम एखाद्या मोठ्या गावाच्या मतांनी. त्या वर्षी राज्यात काँग्रेसच्या वाट्याला दोनच जागा आल्या : नांदेड आणि सातवांची ही हिंगोलीची. २०२० मध्ये राज्यसभा. १६ मे २०२१ रोजी, कोरोनानंतरच्या आजाराने, शेहेचाळिसाव्या वर्षीच ते गेले.