शिंप्याच्या तोंडचा ‘कॅनकॅन’

खामगाव-चिखलीकडे लग्नसराईत लेकीचा घागरा शिवायला टाका, शिंपी विचारेलच, ‘आतून कॅनकॅन लावू का?’ कॅनकॅन म्हणजे अस्तराखाली चुण्या घालून शिवलेली कडक नेटची झालर. घेर फुलतो तो तिच्यामुळे. शब्द मात्र थेट पॅरिसचा. 1830च्या सुमारास तिथल्या नाचघरांत कॅनकॅन हा धसमुसळा नाच आला. झालरींचे परकर उचलून पाय उंच उडवणं ही पुढे त्याची ओळख झाली. आपल्याकडे नुसती झालर आली, नाच तिकडेच राहिला.

बॅलेचा टुटू हा पोशाखही याच शहरातला. 1832 साली ‘ला सिल्फीद’ या बॅलेत मारी ताल्योनी या नर्तिकेने घातलेल्या तलम पांढऱ्या झग्यातून तो घडत गेला आणि आखडत आखडत कमरेभोवतीचं आडवं चक्र झाला. फ्रेंच बाळबोलीतल्या ढुंगणाच्या शब्दावरून हे नाव पडलं, असं कोशकार मानतात. नाव लाडिक, पण कापड चटकन पेट घेणारं. एमा लिव्री ही तरुण नर्तिका 1862 मध्ये तालमीत गॅसच्या दिव्याने भाजली आणि पुढच्या वर्षी गेली.

आजची नेट बहुधा नायलॉनची असते, पण आगीचा धोका तिलाही आहेच. औक्षणाच्या निरांजनापासून लेकीचा घेर जरा लांबच ठेवा.