‘सर्वांसाठी’ ह्या शब्दाचे दोन अर्थ : डिस्नेलँडच्या इतिहासातील एक प्रश्न

‘सर्व वयोगटांसाठी’ हा शब्दप्रयोग करमणुकीच्या उद्यानांच्या जाहिरातींत इतका रुळला आहे की, त्यातील संदिग्धता सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ‘सर्व’ ह्या पदाचा अर्थ दोन प्रकारे लागतो. ‘सर्वांना एकेक आंबा मिळाला’ ह्या वाक्यात तो व्यष्टिवाचक आहे; ‘सर्वांनी मिळून रथ ओढला’ ह्या वाक्यात समष्टिवाचक. पहिल्या अर्थाने उद्यान सर्वांसाठी असावयाचे, तर मुलांसाठी एक खेळ, तरुणांसाठी दुसरा आणि वृद्धांसाठी सावलीतले एखादे बाक, एवढी वाटणी पुरेशी होते. दुसऱ्या अर्थाने मात्र आजोबा, आई आणि चार वर्षांचे मूल ह्यांना एकाच होडीत बसता आले पाहिजे. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथील डिस्नेलँडचा इतिहास ह्या दोन अर्थांमधील ओढाताणीचा इतिहास म्हणून वाचता येतो. ही ओढाताण आपोआप घडलेली नाही. तिच्या मुळाशी प्रत्येक वेळी संचालकांचा एखादा निर्णय आढळतो.

डिस्नेलँडपूर्वीचे दोन नमुने येथे लक्षात घ्यावयास हवेत. गेओर्ग कार्स्टेन्सेन ह्यांनी राजा आठवा क्रिश्चन ह्याची परवानगी मिळवून १५ ऑगस्ट १८४३ रोजी कोपनहेगन येथे टिव्होली उघडले. तेथे संगीत, दिव्यांची आरास, फुलझाडे आणि उपाहारगृहे ह्यांच्या जोडीला खेळ होते; पण मुख्य वस्तू होती ती संध्याकाळचा फेरफटका, आणि तो कोणत्याही वयाच्या माणसास घेता येत असे. दुसरा नमुना न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा. जॉर्ज टिल्यू ह्यांनी १८९७ साली काढलेल्या स्टीपलचेस पार्कमध्ये यांत्रिक घोड्यांच्या शर्यतीतून उतरलेल्या प्रेक्षकांस एका रंगमंचावरून जावे लागे. तेथे जमिनीतून सुटणाऱ्या वाऱ्याच्या झोताने टोप्या आणि घागरे उडत व समोर बसलेले लोक हसत. ही करमणूक शहरातील तरुण स्त्रीपुरुषांसाठी होती. मुलांचा विचार तीत दुय्यमच होता. हे पार्क १९६४ साली बंद पडले.

वॉल्ट डिस्ने ह्यांनी पुढे स्वतः सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या दोन मुली मेरी-गो-राउंडवर बसत आणि ते बाकावर बसून राहत. मुलांबरोबर आईबापांनाही काही करता यावे, अशी जागा का असू नये, हा विचार त्यांच्या मनात तेथे आला. हकीकतीला नंतर थोडा मुलामा चढला असेल. उद्योगपतींच्या आठवणींचे असे होतेच. तथापि तिच्यातील प्रश्न समष्टीचा आहे, एवढे निश्चित. बापाला वेगळा खेळ हवा होता असे नाही. त्याला बाकावरून उठावयाचे होते.

डिस्ने ह्यांनी १९५१ साली टिव्होली पाहिले. पुढे संत्र्यांच्या बागांची सुमारे १६० एकर जमीन घेऊन, एबीसी ह्या दूरचित्रवाणी कंपनीच्या भांडवलाचा आधार घेऊन, १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. प्रवेशद्वार एकच ठेवावयाचे, भोवती मातीचा उंच बांध घालून त्यावरून आगगाडी फिरवावयाची आणि मद्य विकावयाचे नाही, हे सुरुवातीचेच निर्णय होत. अनेक दरवाजे आणि मद्य ही जुन्या उद्यानांची उत्पन्नाची साधने होती. ती सोडण्यात कोनी आयलंडचा नमुना जाणूनबुजून बाजूस सारलेला दिसतो.

मात्र ‘सर्वांनी एकत्र’ हे तत्त्व खेळांत उतरवणे सोपे नव्हते. ‘स्नो व्हाइट’ हा खेळ त्याचे उत्तम उदाहरण होय. अंधाऱ्या दालनांतून गाडी जात असे आणि वळणावळणावर चेटकीण समोर येई. योजकांची कल्पना अशी की, गाडीत बसलेला माणूस हाच स्नो व्हाइट. म्हणून तिची आकृती आत ठेवलीच नव्हती. प्रेक्षकांना हा प्रथमपुरुषी प्रयोग कळला नाही. स्नो व्हाइट कोठे आहे, असे मोठी माणसे विचारीत आणि मुले भीतीने रडत. १९८३ मध्ये तिची आकृती आत आली आणि खेळाच्या नावात ‘भीतिदायक’ ह्या अर्थाचे विशेषण घालण्यात आले. २०२१ साली ते विशेषण काढून त्या जागी ‘मंतरलेली इच्छा’ अशा अर्थाचे शब्द घातले गेले आणि शेवटही सुखाचा झाला. एकाच खेळाची ही तीन नावे म्हणजे लहान मूल आणि मोठे माणूस ह्यांना एका गाडीत बसवण्यासाठी झालेल्या तडजोडींची नोंदच आहे.

१९५९ साली मॅटरहॉर्न हा नळीच्या पोलादी रुळांवरून धावणारा खेळ सुरू झाला. त्याच वर्षी तिकीटपुस्तिकेत ‘ई’ हे सर्वांत महाग तिकीट आले, आणि पुढे ‘ई-तिकीट’ हा शब्द अमेरिकन इंग्रजीत अत्यंत थरारक अनुभवासाठी रूढ झाला. ह्या पुस्तिकेचा एक परिणाम विचारात घेण्याजोगा आहे. तीत ‘ए’पासून ‘ई’पर्यंत सर्व प्रतींची तिकिटे असल्यामुळे थोरामोठ्यांकडूनही लहान खेळांची तिकिटे वापरली जात. १९८२ साली पुस्तिका जाऊन एकरकमी प्रवेशमूल्य आले, तेव्हा हे बंधन सुटले.

समष्टीच्या प्रश्नाचे खरे उत्तर होडीने दिले. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी डिस्ने ह्यांच्या मंडळींनी ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ हा खेळ तयार केला. पाण्यावरून एकामागून एक संथपणे सरकणाऱ्या होड्यांत कोणत्याही वयाची माणसे बसू शकत, आणि रांगही झपाट्याने पुढे सरके. समुद्री चाच्यांचा देखावा तोपर्यंत पायी पाहावयाचे मेणाच्या पुतळ्यांचे दालन म्हणून योजलेला होता. प्रदर्शनातील अनुभवानंतर तोही होड्यांचा करण्यात आला. मार्च १९६७ मध्ये तो उघडला. डिस्ने १५ डिसेंबर १९६६ रोजी वारले होते. ह्या खेळाला उंचीची अट नाही.

उंचीची अट हाच पुढील काळाचा विषय होय. आपल्याकडे जत्रेतील पाळण्यात आई मुलाला मांडीवर घेऊन बसते. वेग वाढला की मांडीची सोय संपते. शेजारच्या मॅजिक माउंटन (१९७१) सारख्या उद्यानांनी तरुणांना ओढून घेण्यास सुरुवात केल्यावर डिस्नेलँडने १९७७ साली स्पेस माउंटन काढले. १९८४ मध्ये मायकेल आइस्नर प्रमुख झाल्यानंतर हीच दिशा अधिक स्पष्ट झाली : तरुणांसाठी नृत्याची जागा १९८५ मध्ये, ‘स्टार टूर्स’ १९८७ मध्ये. व्यवसायाच्या दृष्टीने हे निर्णय चुकीचे म्हणता येत नाहीत. कुमारवयीन मुले आईबापांबरोबर येईनाशी झाली तर समष्टी उरतेच कोठे? पण कुटुंब आत आल्यावर दुभंगू लागले. त्यावर व्यवस्थापनाने काढलेली तोड सूचक आहे. एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा खेळून येतो, मग पहिला पुन्हा रांगेत न उभा राहता आत जातो. ग्रिफिथ पार्कमधले बाक अशा रीतीने परत आले.

ह्या प्रवाहाची परिसीमा ८ फेब्रुवारी २००१ रोजी दिसली. जुन्या वाहनतळाच्या जागी उघडलेल्या ‘कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर’मध्ये मोठ्यांसाठी उपाहारगृहे, दुकाने आणि मद्यही होते, तरुणांसाठी मोठा रोलर कोस्टर होता. व्यष्टिवाचक अर्थानेसुद्धा तेथे लहान मुलांचा वाटा तुटपुंजा होता. प्रेक्षक अपेक्षेपेक्षा बरेच कमी आले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००२ मध्ये, मुलांसाठी ‘अ बग्ज लँड’ घाईने जोडण्यात आले. ते २०१८ पर्यंत चालले. रॉबर्ट आयगर प्रमुख झाल्यावर २००७ साली सुमारे १.१ अब्ज डॉलरची पुनर्रचना जाहीर झाली आणि २०१२ मध्ये ‘कार्स लँड’ उघडले. तेथील रस्त्यावर संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा नुसते हिंडणाऱ्यांची गर्दी असते, आणि ती पाहताना टिव्होलीची आठवण व्हावी. तेथील मुख्य खेळ मात्र मोटारींच्या शर्यतीचा आहे. त्याला ४० इंच उंची लागते.