मनाली-लेह सायकलप्रवास : चढापेक्षा मुक्कामाची उंची निर्णायक

हिमाचल प्रदेशातील मनाली आणि लडाखमधील लेह यांना जोडणारा महामार्ग हा हिमालयातील दीर्घ पल्ल्याच्या सायकलप्रवासासाठी सुपरिचित आहे. रोहतांगवरून जाणाऱ्या जुन्या रस्त्याने हे अंतर सुमारे ४७५ किलोमीटर भरते. उन्हाळ्यात बर्फ हटविल्यानंतर खुला होणारा हा मार्ग साधारणपणे ऑक्टोबरपर्यंत वापरता येतो.

पाच खिंडी

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाई शिखराहूनही सुमारे ४०० मीटर वर आहे. तेथून रोहतांग (३,९७८ मीटर), बारालाचा ला (सुमारे ४,८९०), नकी ला (सुमारे ४,७४०), लाचुलुंग ला (सुमारे ५,०६०) आणि तांगलांग ला (सुमारे ५,३००) या खिंडी क्रमाने लागतात. ‘ला’ या शब्दाचा अर्थच खिंड असा आहे. नकी लाच्या चढावरील ‘गाटा लूप्स’ ही २१ वळणांची मालिका प्रसिद्ध आहे.

अवजड लष्करी वाहने जाऊ शकतील अशा बेताने रस्ता आखलेला असल्याने चढ लांब असले तरी सहसा फार तीव्र नाहीत. मनाली ते रोहतांग या सुमारे ५० किलोमीटरच्या टप्प्यात सरासरी चढ शंभर मीटरला चार मीटरच्या आसपास आहे. सामानासह शंभर किलो वजन एक हजार मीटर वर नेण्यासाठी, शंभर वॉट शक्ती सातत्याने लावल्यास, केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्धच पावणेतीन तास लागतात. त्यामुळे वेगापेक्षा हलके गिअर आणि संथ लय उपयोगी पडते.

विरळ हवेचा धोका

पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. डोकेदुखी, मळमळ, असाधारण थकवा ही उंचीच्या आजाराची प्राथमिक लक्षणे होत. विश्रांतीतही लागणारी धाप, चालताना जाणारा तोल किंवा संभ्रम ही फुप्फुसांत पाणी साठल्याची वा मेंदूला सूज आल्याची चिन्हे असू शकतात आणि ती प्राणघातक ठरू शकतात. उत्तम शारीरिक क्षमता यापासून संरक्षण देत नाही.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय संकेत आहे. दिवसा ओलांडलेल्या खिंडीपेक्षा रात्र कोठे काढली, हे अधिक महत्त्वाचे असते. रोहतांग ओलांडून लाहौल खोऱ्यात सुमारे ३,१०० मीटरपर्यंत उतरणे त्यामुळेच शरीराला मानवते. ऑक्टोबर २०२० मध्ये खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यामुळे रोहतांगवरील वाहतुकीचा भारही हलका झाला आहे.

परतीची वाट चढाची

खरी कसोटी पुढे आहे. केलाँग (सुमारे ३,१०० मीटर) ते सरचू (सुमारे ४,३००) हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर असून मोटारी ते एका दिवसात कापतात. सायकलस्वाराने दारचा, पटसेव असे मुक्काम करणे हितावह ठरते. कारण बारालाचा आणि तांगलांग यांदरम्यान दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरात रस्ता जवळपास ४,२०० मीटरच्या खाली जात नाही. तातडीने खाली नेणे हा गंभीर आजारावरील मुख्य उपाय. परंतु सरचूहून केलाँगकडे उतरण्यासाठीही आधी सुमारे ६०० मीटर चढून बारालाचा पुन्हा ओलांडावी लागते. अशा वेळी रुग्णाने पेडल न मारता वाहनानेच जाणे आवश्यक असते. मिळाल्यास प्राणवायूही द्यावा लागतो.

दुपारी वितळलेल्या बर्फाने रस्त्यावरील नाले फुगतात, म्हणून ते सकाळी लवकर ओलांडणे श्रेयस्कर. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून न ठेवता थांबून-थांबून वापरावेत आणि घामेजलेले कपडे खिंडीच्या माथ्यावरच बदलावेत. लक्षणे असताना आणखी वरचा मुक्काम गाठू नये, हा नियम मात्र वेळापत्रक कितीही कोलमडले तरी मोडू नये.