विषारी कोळी, सिडनी परिसरातील

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या परिसरात घरात व अंगणात आढळणारे बहुतेक कोळी निरुपद्रवी आहेत. भिंतीवर धावणारा मोठा, चपटा हंट्समन कोळी भीतिदायक दिसला, तरी त्याचा दंश घातक नसतो. रेडबॅक (लॅट्रोडेक्टस हॅसेल्टाय) व फनेल-वेब (ॲट्रॅक्स रोबस्टस) हे दोन मात्र धोकादायक होत. रेडबॅकची मादी वाटाण्याएवढी, काळी व पाठीवर तांबडा पट्टा असलेली असून ती अडगळीत राहते. फनेल-वेब दणकट, चकचकीत व काळसर असून दमट जमिनीतील बिळात राहतो.

फनेल-वेबचे शास्त्रीय वर्णन १८७७ मध्ये झाले. तथापि त्याच्या दंशाने झालेल्या पहिल्या मृत्यूची नोंद १९२७ मधील आहे. तेव्हापासून १९८० पर्यंत १३ मृत्यू नोंदले गेले. नराचे विष मादीच्या विषापेक्षा कित्येक पटींनी तीव्र असते. ते मानव व माकडे यांना घातक ठरते. परंतु ससा, मांजर, कुत्रा यांच्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतील नेहमीच्या प्राण्यांवरून त्याच्या मारकतेची कल्पना येत नसे. कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीज या संस्थेत रेडबॅकवरील प्रतिविष १९५६ मध्येच तयार झाले होते. तेथेच स्ट्रुअन सदरलँड यांनी सशांना नराचे विष टोचून फनेल-वेबवरील प्रतिविष बनविले. ते १९८१ पासून वापरात असून त्यानंतर या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही.

कोळी ओळखणे प्रथमोपचारासाठीही आवश्यक असते. फनेल-वेबच्या दंशात अवयवाला घट्ट पट्टी बांधून तो स्थिर ठेवतात व रुग्णास त्वरित रुग्णालयात नेतात. रेडबॅकचे विष सावकाश पसरते व पट्टीने वेदना वाढतात. म्हणून तेथे थंड शेक देतात.

उन्हाळ्यात फनेल-वेबचे नर मादीच्या शोधात भटकत घरात शिरतात. त्यांच्यावर कीटकनाशकांचा फारसा उपयोग होत नाही. दाराखालील फटी बुजविणे, अडगळ काढणे, बागकामात हातमोजे वापरणे व जोडे झटकून घालणे हे उपाय अधिक परिणामकारक आहेत. नागरिकांनी बरणीत जिवंत पकडून आणून दिलेल्या नरांचे विष गॉसफर्डजवळील ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क येथे काढतात व त्यापासूनच प्रतिविष बनते. म्हणून येथे कोळी दिसताच मारण्यापेक्षा तो ओळखून सावधपणे पकडणे अधिक हितकारक ठरले आहे. २०२५ मध्ये या एकाच जातीत प्रत्यक्षात तीन जाती असल्याचे स्पष्ट झाले; प्रतिविष तिन्हींवर उपयुक्त आहे.